दोष बीआरटीचा नव्हे, अर्धवट कामाचा



‘बोस्टनची फसलेली बीआरटी’ हा लेख वाचला. किनाऱ्यावर आधी टॉवर उभे राहिले आणि मागाहून बस आली, हे त्यातले म्हणणे साफ चुकीचे आहे. सिल्व्हर लाइन या बोस्टनच्या बीआरटीचा (जलद बससेवेचा) बोगदा २००४ मध्ये सुरू झाला, तेव्हा सीपोर्ट या किनाऱ्यावरच्या भागात बहुतांश उघडे वाहनतळच होते.

बस रखडते, मान्य. पण कुठे? साउथ स्टेशनपासून वर्ल्ड ट्रेड सेंटरपर्यंत ती बोगद्यातून विनाअडथळा धावते. वर आली की लगेच डी स्ट्रीटच्या सिग्नलला ताटकळते. याच सेवेच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या बसला जोडणारा बोगदा तर रद्दच झाला. हे अपयश हात आखडता घेणाऱ्यांचे आहे. नगर रस्त्यावरची बीआरटी उखडणाऱ्या पुण्याच्या हाती असे आयते निमित्त देऊ नका.

– एक वाचक, पुणे