‘सीआयडी’त डोकं कोणाचं चालतं?

‘सीआयडी’ ही रहस्यमालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि दीड हजारांहून अधिक भाग दाखवून ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा आली. बी. पी. सिंग यांनी उभी केलेली ही मालिका मुंबईत घडते. एसीपी प्रद्युम्नच्या भूमिकेत शिवाजी साटम, फ्रेडरिक्सच्या भूमिकेत दिवंगत दिनेश फडणीस आणि डॉ. तारिकाच्या भूमिकेत श्रद्धा मुसळे अशी मराठी माणसं तिच्यात ठळकपणे वावरली. महाराष्ट्रात ती घरोघरी मुलाबाळांसह पाहिली गेली. शिवीगाळ नाही, अंगप्रदर्शन नाही, शेवटी गुन्हेगार सापडतोच. त्यामुळे ती मुलांना दाखवायला निर्धोक समजली गेली आणि तिच्यातला पक्षपात तपासण्याची गरज कुणाला वाटली नाही. तो पक्षपात असा: मालिकेत स्त्रिया आहेत, वर्दीचा अधिकार असलेल्या स्त्रिया आहेत, पण गुन्ह्याचा उलगडा करण्याचं काम त्यांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही.

रहस्यकथेत मान मिळतो तो तर्काला. इतरांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट जो टिपतो आणि चार सुटे धागे जोडून दाखवतो, कथा त्याची असते. ‘सीआयडी’चा नेहमीचा भाग या दृष्टीने पाहावा. मृतदेह सापडतो. एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणतात. शंका घेण्याचा पहिला हक्क त्यांचा. धागा जोडतो त्यांच्या पथकातला अभिजीत. बंद दरवाजा तोडतो त्याचा सहकारी दया. प्रयोगशाळेत मृत्यूचं कारण सांगतात न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे. शेवटी संशयिताच्या कानाखाली बसते आणि कबुली येते. कथेला वळण देणाऱ्या या सगळ्या जागा पुरुषांनी व्यापलेल्या आहेत. याच वेळी महिला अधिकारी खोलीची झडती घेते, फोनची माहिती काढून आणते, रडणाऱ्या विधवेला पाणी देते, किंवा ‘सर, इकडे बघा’ म्हणून एखादी वस्तू पुढे करते. वस्तू तिला सापडते. त्या वस्तूचा अर्थ लावणं मात्र दुसऱ्याच्या संवादात जातं.

आशा, अदिती, मुस्कान, काजल, ताशा, पूर्वी, श्रेया ही यातल्या काही महिला अधिकाऱ्यांची नावं. ही यादीच बोलकी आहे. प्रद्युम्न, दया आणि अभिजीत वर्षानुवर्षं तेच राहिले. त्यांच्याभोवतीच्या स्त्रिया बदलत गेल्या आणि एकीच्या जागी दुसरी आली तरी कथेत फारसा फरक पडला नाही. अभिनेत्री मालिका सोडतात, तसे अभिनेतेही सोडतात. तो दोष लेखकांचा नव्हे. पण गेलेल्या अधिकाऱ्याची उणीव भासावी असं तिच्यात काही लिहिलेलंच नव्हतं, ही जबाबदारी लेखकांचीच. पुरुषांना भूतकाळ दिला गेला. गुन्हेगारीकडे वळलेल्या स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी झाडण्याची वेळ प्रद्युम्नवर आली आणि ते दुःख पुढे अनेक वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर राहिलं. अभिजीतची हरवलेली स्मृती हा तर कित्येक भागांचा विषय झाला. श्रेयाच्या वाट्याला आली ती मुख्यतः दयाशी असलेली अबोल जवळीक, आणि तारिकाच्या वाट्याला अभिजीतचं लाडिक बोलणं. ही बाई पोलिसात का आली, कोणता खटला तिला झोपू देत नाही, कोणत्या चुकीची तिला भीती वाटते, हे विचारलंच गेलं नाही.

डॉ. तारिकाचं उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण ती शास्त्रज्ञ आहे. मृतदेह टेबलावर, साळुंखे आणि प्रद्युम्न यांची जुगलबंदी रंगलेली, आणि तारिकाकडे पाहणारा अभिजीत, हे दृश्य इतक्या वेळा आलं की तो प्रयोगशाळेचा ठरलेला विनोदच बनला. सहकारी स्त्रीला कामाच्या जागी, कामाच्या वेळी असं पाहणं गोड आहे, हे त्यातून मुलं शिकली. प्रत्यक्षात मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती १९७४ मध्ये रुजू झाल्या. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात त्यांचा सहभाग होता आणि पुढे त्या राज्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या संचालक झाल्या. म्हणजे मालिका चालू असण्याच्या काळात खऱ्या प्रयोगशाळेत शेवटचा शब्द एका स्त्रीचा होता आणि पडद्यावरच्या प्रयोगशाळेत स्त्रीच्या हाती अहवालाची फाइल होती. मीरां चढ्ढा बोरवणकर २००४ मध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेच्या प्रमुख झाल्या. रश्मी शुक्ला २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. ‘समाजात आहे तेच आम्ही दाखवतो’ ही मालिकावाल्यांची नेहमीची ढाल इथे चालत नाही. समाज पुढे गेला होता आणि मालिका त्याला मागे खेचत होती.

२०२५ मध्ये तर परीक्षेचा क्षणच आला. एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला गेला आणि खुर्ची रिकामी झाली. पथकात अनुभवी स्त्रिया होत्या. खुर्ची मिळाली बाहेरून आलेल्या एसीपी आयुष्मानला, म्हणजे पार्थ समथान या नव्या पुरुष चेहऱ्याला. पुढे प्रद्युम्न परतले, पण मधल्या काळात लेखकांच्या मनात काय आहे ते उघड झालं होतं. याच पेचावर ब्रिटनच्या दूरचित्रवाणीने १९९१ मध्येच एक अख्खी मालिका उभी केली होती. लिंडा ला प्लांट लिखित ‘प्राइम सस्पेक्ट’मध्ये तपासप्रमुख हृदयविकाराने मरतो आणि जेन टेनिसन ती जागा मागते. हेलन मिरेनने साकारलेल्या या अधिकाऱ्याला आधी वारंवार डावललं गेलेलं असतं. पुरुष सहकारी तिला साथ देत नाहीत, तिच्या अपयशाची वाट पाहतात, आणि ती खुनाच्या तपासाबरोबर या अडवणुकीचाही सामना करते. ती गोड नाही, घर सांभाळण्यात कमी पडते, चुका करते. तरी प्रेक्षक तिच्या बुद्धीमागे चालत राहतात. मुख्य अधिकारी स्त्री असली की प्रेक्षक दुरावतात, हा समज त्या मालिकेच्या यशाने खोटा ठरवला.

पुरुषांच्या चित्रणातही अन्याय आहे आणि त्याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. दया हे पात्र प्रेमळ आहे, मित्रासाठी जीव टाकणारं आहे, पण लोकांच्या स्मरणात ते खांद्याने तोडलेल्या दारापुरतं उरलं. कर्तबगार पुरुष म्हणजे ताकद, ही शिकवण त्यातून रुजली. थप्पड तर मालिकेचा कळसाध्याय. पुरावे गोळा झाल्यावरही गुन्हेगार बोलतो तो मार खाल्ल्यावर, आणि घरी बसलेली मुलं टाळ्या वाजवतात. आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम हेच सांगत होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. ती ठेवण्यामागे कारणच कोठडीतल्या मारहाणीचं आहे. तीच मारहाण मालिकेने मर्दपणाचं आणि न्यायाचं चिन्ह करून टाकली. संशयित बाई असली की हात उगारायला बहुधा महिला अधिकारी पुढे केली जाते. बाईची अंगझडती बाईनेच घ्यावी हा नियम स्त्रीच्या सन्मानासाठी आहे; मालिकेत स्त्री-अधिकाऱ्याची गरज अशा कामांपुरती उरते.

फ्रेडरिक्स या दुसऱ्या टोकाचा. तो भित्रा, भुताला घाबरणारा, बायकोच्या धाकात असलेला. दिनेश फडणीस यांनी हे पात्र इतक्या मायेने रंगवलं की प्रेक्षकांनी त्याला मनापासून जपलं. पण लेखनाने त्या मायेचा घात केला. पडद्यावर क्वचितच येणारी त्याची बायको मनीषा ही केवळ धाकाची गोष्ट झाली: बायको म्हणजे कटकट, आणि बायकोचं ऐकणारा नवरा म्हणजे हसू. हळवा पुरुष विनोदी, रागीट पुरुष आदरणीय, अशी वाटणी एकदा ठरली की घरातल्या मुलाला कोणता पुरुष व्हावंसं वाटेल हे वेगळं सांगायला नको.

हा दोष एका मालिकेने शोधून काढलेला नाही. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘करमचंद’मध्ये पंकज कपूरचा गुप्तहेर गाजर चावत रहस्य उलगडे आणि सहायक किटीने तोंड उघडलं की ‘शट अप किटी’ म्हणे. सुष्मिता मुखर्जींची किटी लोकप्रिय झाली ती तिला गप्प बसवलं जाई म्हणून. १९९३ च्या बासू चटर्जी दिग्दर्शित ‘ब्योमकेश बक्षी’मध्ये सुकन्या कुलकर्णींनी साकारलेली ब्योमकेशची पत्नी सत्यवती मोजकं पण स्वाभिमानाने बोलते, तरीही तर्काच्या बैठकीत ब्योमकेशसमोर बसतो तो त्याचा मित्र अजित. या रांगेत झी मराठीची ‘अस्मिता’ वेगळी उठून दिसते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत मयुरी वाघने साकारलेली नायिका स्वतः गुप्तहेर होती आणि निष्कर्ष तिचे होते. मराठी घरांनी तिला स्वीकारलं. स्त्रीच्या बुद्धीवर चालणारी रहस्यमालिका मराठीत चालते याचा पुरावा मराठी वाहिनीनेच देऊन ठेवला आहे.

‘करमणूक आहे, सोडून द्या’ असं यावर म्हटलं जातं. वीस वर्षं दर आठवड्याला घरात येणारी गोष्ट सोडून देण्याजोगी राहत नाही. स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाला बंदी घालणारा १९८६ चा कायदा स्त्रीच्या देहाच्या अशोभनीय किंवा अपमानकारक चित्रणापुरता आहे. स्त्रीला सतत बिनडोक किंवा बिनकामाची दाखवणं त्यात बसत नाही, आणि बसूही नये, कारण लेखणीवर पोलीस बसवून चांगलं लेखन होत नाही. उपाय लेखनाच्या खोलीत आहे. वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी दर आठवड्याला निदान एका भागात गुन्ह्याचा निर्णायक तर्क महिला अधिकाऱ्याला द्यावा. तिच्या हातून चूक होऊ द्यावी आणि ती तिलाच निस्तरू द्यावी. तपासप्रमुखाची जागा पुन्हा रिकामी झाली तर पथकातल्या ज्येष्ठ स्त्रीचा हक्क आधी मानावा. कबुली थप्पडेने न आणता पुराव्याने आणावी. प्रयोगशाळेत तारिकाला शेवटचं वाक्य द्यावं. प्रेक्षकांनी हे वाहिनीला लेखी कळवावं, आणि वाहिनी ऐकत नसेल तर प्रसारकांनी २०११ मध्ये स्थापन केलेल्या तक्रार परिषदेकडे भागाची तारीख आणि वेळ देऊन तक्रार नोंदवावी.