हेडलाइटमधली काळी रेघ (धागा)

मालट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’च्या जोडीला आणखी एक वाक्य हमखास रंगवलेले असते : ‘यूज डिपर ॲट नाइट’. या चार शब्दांमागे शंभर वर्षांहून जुने एक तांत्रिक भांडण आहे. स्वतःला दिसावे म्हणून किती प्रकाश टाकायचा आणि समोरच्याला दिसत राहावे म्हणून त्यातला किती अडवायचा, हे ते भांडण. नवी गाडी दारात उभी राहताच मूळ बल्ब काढून बाजारातला दुप्पट प्रखर ‘एलईडी’ बसवणाऱ्याला या भांडणाची पहिलीच बाजू ठाऊक असते. दुसरी बाजू अधिक रंजक आहे आणि प्राणांशी तिचा संबंध अधिक थेट आहे.

आरंभीच्या मोटारींना घोडागाडीचेच तेलाचे दिवे लावलेले असत. गाडी दिसावी एवढाच त्यांचा हेतू. रस्ता दिसावा ही अपेक्षा कोणी केली नव्हती. वेग वाढला तशी ती अपेक्षा आली आणि तिच्याबरोबर आला ॲसिटिलीनचा दिवा. आंबे पिकवण्यापायी आज बदनाम झालेले कॅल्शियम कार्बाइड, त्यावर थेंबथेंब पाणी, त्यातून निघणारा वायू आणि त्याची पांढरी, झगझगीत ज्योत. वारा-पावसात ती टिके; पण हा सारा खटाटोप चालकालाच करावा लागे. १९०४ मध्ये अमेरिकेत कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी हा वायू सिलिंडरमध्ये भरून विकणारी ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ कंपनी काढली. पुढे इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यतपट्टी उभारणाऱ्यांत हेच दोघे होते. गाडीचा दिवा ‘अपग्रेड’ करण्याचा धंदा असा मोटारीइतकाच जुना आहे.

विजेचा दिवा १८९८ च्या ‘कोलंबिया’ या विद्युत-मोटारीवर आला होता, पण तंतू खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तुटत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर एकाच व्यवस्थेत आणले, तेव्हा चित्र पालटले. सामान्यांच्या फोर्ड मॉडेल-टीला १९१५ मध्ये विजेचे हेडलाइट मिळाले, पण त्यांना वीज मिळे इंजिनाच्या मॅग्नेटोपासून. इंजिन जोरात फिरले की दिवा प्रखर, मंदावले की दिवाही मंद. म्हणजे अवघड वळणावर, जिथे गाडी हळू न्यायची आणि उजेड सर्वाधिक हवा, नेमका तिथेच अंधार. मूळ दिव्यांवर विसंबून न राहणाऱ्या गाडीमालकाची परंपरा येथून पाहिली, तर त्याला वेडा म्हणता येत नाही. त्याची तक्रार खरीच होती.

पण एव्हाना उलटी तक्रारही सुरू झाली होती : समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपतात. १९१० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी दिपवणाऱ्या दिव्यांवर कायदे केले आणि बाजारात खाचांच्या, लोलकांच्या, दुधी अशा तऱ्हेतऱ्हेच्या काचा विकायला आल्या. त्या मूळ काच काढून बसवायच्या आणि झोत खाली वळवायचा. आजच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. हेडलाइटच्या जोडवस्तूंची ही मोठी बाजारपेठ प्रकाश *वाढवण्यासाठी* नव्हे, तो आवरण्यासाठी उभी राहिली होती.

१९१५ मध्ये ‘गाइड लॅम्प’ कंपनीने झोत खाली झुकवता येणारा दिवा आणला; त्यासाठी चालकाला गाडी थांबवून उतरावे लागे. १९१७ च्या कॅडिलॅकमध्ये हेच काम आतल्या दांडीने होऊ लागले. खरा तोडगा १९२४ मध्ये ‘बिलक्स’ या बल्बने दिला : एकाच काचेत दोन तंतू, एक लांबच्या झोतासाठी, दुसरा जवळच्या. १९२७ मध्ये पायाने दाबायचा डिपर आला. जुन्या जीपमध्ये क्लचशेजारी तो अनेकांनी पाहिलेला असतो. ट्रकवरच्या वाक्यातला ‘डिपर’ तो हाच.

आता ज्या बल्बावरून सगळा वाद आहे, त्याकडे. हॅलोजनचा पहिला मोटार-बल्ब, एच-१, १९६२ मध्ये युरोपात आला. दोन तंतूंचा एच-४ आला १९७१ मध्ये. भारतातल्या असंख्य मोटारींत अनेक दशके हाच एच-४ राहिला आहे. तो हातात घेऊन पाहिला, तर पुढच्या तंतूखाली धातूची एक इवली वाटी दिसते. (काचेला बोट लावू नये, तेलकट ठशाने ती तापून फुटू शकते.) ही वाटी हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. जवळच्या झोताचा तंतू पेटतो तेव्हा त्याचा खाली जाणारा सर्व प्रकाश ती अडवते. परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर तो प्रकाश पडला असता, तर तेथून उसळून थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. वाटीच्या कडेची सावली रस्त्यावर एक रेघ आखते : खाली उजेड, वर अंधार. ही रेघ सरळ नसते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून ती डाव्या बाजूला १५ अंशांनी वर चढते, म्हणजे कडेची पाटी आणि पादचारी दिसतो. उजव्या बाजूला ती आडवीच राहते, कारण तिथून समोरचा येत असतो. असा असमान झोत १९५७ पासून युरोपात रूढ झाला. जिथे वाहने उजवीकडून चालतात, तिथे हीच आकृती आरशातल्यासारखी उलटी असते.

म्हणजे हेडलाइटचा निम्मा जीव त्याने जपलेल्या अंधारात आहे. बाजारातला प्रखर बल्ब नेमका त्यालाच धक्का लावतो.

कसा, ते पाहण्याजोगे आहे. परावर्तकाचा प्रत्येक वक्र एका बारीक, दंडगोल तंतूची जागा गृहीत धरून घडवलेला असतो. एलईडी बल्बात त्या जागी एक पट्टी असते आणि तिच्या दोन बाजूंना चकत्या. पट्टीला जाडी असते, प्रकाश दोन बाजूंना अधिक फेकला जातो आणि मिलिमीटरभराच्या फरकाने रेघ विस्कटते. झेनॉनचा प्रकार आणखी वाईट. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७-सिरीजमधून हा दिवा प्रथम रस्त्यावर आला, तो त्याच्यासाठीच घडवलेल्या परावर्तकासह. एच-४ च्या जवळच्या झोताचा प्रमाणित प्रकाश सुमारे १००० ल्युमेन. झेनॉनचा सुमारे ३०००. म्हणूनच युरोपीय नियमांनी २००० ल्युमेनपुढच्या स्रोताला झोताची उंची आपोआप सावरणारी यंत्रणा आणि काच धुणारी पिचकारी बंधनकारक केली. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या ‘किट’मध्ये झेनॉनची नळी तेवढी मिळते, परावर्तक, यंत्रणा, पिचकारी यांतले काहीच नाही.

‘१००/९० वॉट’चा हॅलोजन हा जुना, देशी उपाय. त्यात रेघ बहुतांशी शाबूत राहते, पण वायरिंगवर संकट येते. ६० वॉटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. १०० वॉटला ८ हून अधिक. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. होल्डर वितळल्याच्या आणि रिफ्लेक्टर काळवंडल्याच्या कहाण्या ह्या गणितातून येतात. शिवाय पातळ तारेतच व्होल्टेज गळते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की हॅलोजनचा प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घटतो, म्हणजे खर्च करून आणलेला उजेड बल्बापर्यंत पोहोचण्याआधीच तारेत तापून जातो. निळसर बल्बाची तर गोष्टच वेगळी : निळा लेप प्रकाश गाळतो, त्यामुळे तो अधिक ‘आधुनिक’ दिसतो आणि कमी दाखवतो. खोक्यावरचा ‘६००० केल्विन’ हा आकडा रंगाचा आहे. प्रखरतेशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि विक्रेता हे क्वचितच सांगतो.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. अंधारही मारतो. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये युद्धकालीन ब्लॅकआउट लागू झाला, हेडलाइटवर जाळीदार झाकणे आली आणि रस्त्यांवरचे मृत्यू झपाट्याने वाढले. १९४१ मध्ये तेथे रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्या देशाच्या इतिहासात एका वर्षातला हा सर्वांत मोठा आकडा आहे. बॉम्ब चुकवण्यासाठी स्वीकारलेल्या अंधाराने स्वतःचा कर असा वसूल केला. आपल्याकडेही १९७१ च्या युद्धात हेडलाइटच्या काचा अर्ध्या काळ्या रंगवल्या गेल्या होत्या. पुढे शांततेच्या काळातही काचेच्या वरच्या भागावर काळा पट्टा किंवा ठिपका अनेक वर्षे दिसत राहिला, तो मात्र डोळे दिपू नयेत म्हणून. ती अडाणी पण प्रामाणिक तडजोड होती : दिव्याची घडण सुधारता येत नाही, तर निदान काच रंगवू.

म्हणून घाटातल्या, दिवे नसलेल्या रस्त्यावर अधिक उजेड मागणारा माणूस चूक नाही. जुन्या गाडीचा पिवळा, मिणमिणता दिवा घेऊन पावसात कशेडी उतरणाऱ्याला उपदेश करणे सोपे आहे. चूक आहे ती उजेड आणि बल्ब यांना एकच मानण्यात. मिणमिणण्याचे कारण बहुधा बल्बाबाहेर असते : उन्हाने पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच, उडालेला रिफ्लेक्टर, गंजलेले अर्थिंग, खाली-वर सरकलेला झोत. काच घासून घेणे, रिले घालून जाड तार ओढणे आणि भिंतीसमोर गाडी उभी करून झोत नीट लावणे, या तीन कामांनी मूळच्याच बल्बातून जो उजेड मिळतो, तो पाहून बरेच जण चकित होतात. पण या कामांना चमकदार खोके नसते, म्हणून ती विकली जात नाहीत.

कायद्याची बाजू विलक्षण नेमकी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ एका काल्पनिक माणसाला रस्त्यावर उभा करतो : दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. त्याचे डोळे दिपता कामा नयेत. ही उंची कोणाची, ते वेगळे सांगायला नको. समोरून येणारा दुचाकीस्वार साधारण याच उंचीवरून रस्ता पाहतो, आणि त्याला ना काच आडवी असते ना लोखंडाचे कवच. मोटारवाल्याचे डोळे दिपले तर तो शिवी हासडतो. दुचाकीवाल्याचे दिपले तर खड्डा, वाळू किंवा रस्त्यातले जनावर त्याला दिसतच नाही.

नियम आहे, तपासणी मात्र नाही. पीयूसी केंद्रावर धूर दरवर्षी मोजला जातो, झोत मोजला जात नाही. ब्रिटनमध्ये वार्षिक ‘एमओटी’ तपासणीत हेडलाइटची दिशा पाहतात. आपल्याकडे खासगी मोटारीची तशी तपासणी नोंदणीची पंधरा वर्षे उलटल्यावर येते. ज्या टपरीवजा केंद्रात गाडी धुरासाठी थांबतेच, तिथे एक भिंगाची पेटी ठेवून झोत मोजणे फार खर्चिक नाही. बल्बवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा ते अधिक उपयोगी ठरेल, कारण बंदी दुकानात मोडते आणि मोजमाप रस्त्यावर पोहोचते.

विक्रीच्या बाजूनेही मार्ग दिसलेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मनीत ओस्रामच्या एका एलईडी बल्बाला हॅलोजनच्या जागी वापरण्याची परवानगी मिळाली. ती सरसकट नव्हती. बल्ब प्रत्यक्ष एकेका गाडीच्या दिव्यात बसवून झोत तपासला गेला आणि उत्तीर्ण झालेल्या गाड्यांची यादी तयार झाली. तोच बल्ब यादीबाहेरच्या गाडीत बसवून रस्त्यावर आणणे तेथे बेकायदा आहे.