पंक संगीत आणि मित्रशोक : काही आक्षेपांचा परामर्श

पंक संगीताविषयी विद्यापीठीय वर्तुळात एक समज इतका घट्ट रुजला आहे की, तो तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला भासत नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडन येथील बेकार व बेफाम तरुणांनी केलेला गोंगाट म्हणजे पंक. त्यात संताप असेल, उपहास असेल, परंतु शोकासारख्या गंभीर भावनेला तेथे थारा नाही, असा तो समज आहे. त्याच्या मुळाशी तीन आक्षेप आहेत. शोकाला संयम लागतो आणि या संगीतापाशी तो नाही, हा पहिला. शोकाला घडीव भाषा लागते आणि तीन कॉर्डच्या आधारे ओरडून म्हटलेल्या गाण्यात ती संभवत नाही, हा दुसरा. हे संगीत अकाली मृत्यूचा शोक करीत नसून त्याचे उदात्तीकरण करते, हा तिसरा. यांपैकी तिसऱ्या आक्षेपात तथ्यांश आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड आहे. पहिले दोन मात्र काव्यशास्त्राच्या व काव्येतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

संयमाचा आग्रह धरणारे समीक्षक बहुधा भारतीय परंपरेचा हवाला देतात. तो हवाला त्यांच्या उपयोगी पडत नाही. रामायणातील आदिश्लोकाची कथा सर्वश्रुत आहे. निषादाच्या बाणाने क्रौंचयुगुलातील नर पडला, मादीचा आक्रोश वाल्मीकींच्या कानी आला आणि त्यांचा शोक श्लोकरूप झाला. ही कथा सांगताना एक गोष्ट हटकून वगळली जाते. तो श्लोक विलाप नाही, शाप आहे. मारणाऱ्याला उद्देशून उच्चारलेला तो संतप्त उद्गार आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानून उरलेल्या चारांची उत्पत्ती त्यांच्यापासून सांगितली आणि करुणाचे उगमस्थान रौद्र हे ठरविले. रौद्राच्या कर्माचा परिणाम तो करुण, असा भरताचा अभिप्राय आहे. ज्याने आघात केला त्याच्या क्रोधातून ज्याच्यावर आघात झाला त्याचा शोक जन्मतो, इतकेच भरताला म्हणायचे होते हे मान्य केले, तरी क्रोध आणि शोक यांच्यामध्ये भिंत उभी करण्याची मुभा त्यातून कोणालाही मिळत नाही. आधुनिक काळातही हेच दिसते. निराला यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलीवर लिहिलेली ‘सरोज-स्मृति’ (१९३५) ही हिंदीतील श्रेष्ठ शोककविता. तीत स्वजातीच्या विवाहरूढींवर आणि कविता साभार परत करणाऱ्या संपादकांवर काढलेला राग वेगळा करू गेल्यास कविताच हाती राहत नाही.

इंग्रजी साहित्याच्या ज्या अभ्यासक्रमातून संयमाचा हा निकष बव्हंशी आला, त्याची साक्षही वेगळी नाही. मिल्टनचा सहाध्यायी एडवर्ड किंग १६३७ मध्ये समुद्रात बुडून मरण पावला. त्याच्यावरील ‘लिसिडस’मध्ये मिल्टन मध्येच भ्रष्ट धर्माधिकाऱ्यांवर तुटून पडतो. कीट्स १८२१ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. त्याच वर्षीच्या ‘अ‍ॅडोनेस’मध्ये शेली त्याच्या निर्दय टीकाकाराला खुनी ठरवतो. भारतातील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी या कविता अभिजात म्हणून अभ्यासल्या. दोन्ही कविता तरुण मृतासाठी रचलेल्या आहेत आणि दोहोंतही शोक क्रोधाचे बोट धरून चालतो. मिल्टनला जे क्षम्य ते ब्रूकलिनच्या किंवा सिॲटलच्या गायकाला अक्षम्य, असे म्हणायचे असेल तर त्याचे कारण रसशास्त्रात सापडणार नाही. ते प्रतिष्ठेच्या उतरंडीत शोधावे लागेल.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. त्याचा विचार एका गाण्याच्या आधारे करणे इष्ट. जिम कॅरल (१९४९–२००९) हा न्यूयॉर्कचा कवी. पौगंडावस्थेतील हेरॉइनच्या व्यसनाची त्याची दैनंदिनी १९७८ मध्ये ‘द बास्केटबॉल डायरीज’ या नावाने प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच्या ‘कॅथलिक बॉय’ या ध्वनिमुद्रिकेत ‘पीपल हू डाइड’ हे गाणे आले. शीर्षक आणि कल्पना त्याने टेड बेरिगन या कवीच्या १९६९च्या कवितेवरून घेतली होती. गाण्यात वर्णन जवळजवळ नाहीच. एकामागून एक मित्रांची नावे येतात. कोणाचे वय, कोणाच्या मृत्यूचे कारण. कोणी छतावरून पडला, कोणी रक्ताच्या कर्करोगाने गेला, कोणी व्हिएतनाममध्ये गोळी लागून, कोणी तुरुंगाच्या कोठडीत गळफास घेऊन. काहींनी वयाची पंधरा वर्षेही पुरी केलेली नाहीत. लय मात्र धावती, जवळजवळ नाचरी. नावांची एक फेरी संपली की ते सारे आपले मित्र होते आणि ते मेले, एवढेच ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते.

या रचनेला घडण नाही असे कोण म्हणेल? अलंकार टाळणे हाही भाषेविषयीचा निर्णयच असतो. बाराव्या वर्षी मेलेल्या मुलाला कोमेजलेल्या कळीची उपमा दिली की मृत्यू सृष्टिक्रमात सामावून जातो. ऋतू बदलतात तशी मुलेही जातात असे वाटू लागते. कॅरलच्या यादीत ती सोय नाही. तेथे वयाचा आकडा येतो आणि लगेच पुढचे नाव येते. थांबून हळहळायला अवधी मिळत नाही, कारण त्या वस्तीतल्या मुलांनाही तो मिळालेला नव्हता. गाण्याची गती हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे. भारतीय वाचकाला यात आणखी एक परिचित गोष्ट ऐकू यावी. तर्पणात मृताचे गुणवर्णन नसते. नाव आणि गोत्र यांचा उच्चार करून पाणी सोडायचे असते. नामोच्चार हीच तेथे स्मृती. कॅरलचे गाणे हे ज्यांच्यासाठी पाणी सोडणारा कोणी नाही अशांचे तर्पण आहे.

राहिला गोंगाटाचा मुद्दा. मोठ्या आवाजात शोक बुडून जातो ही मध्यमवर्गीय दिवाणखान्यातील समजूत आहे. तमिळनाडूत अंत्ययात्रेपुढे पऱै हे चर्मवाद्य कडाडते आणि स्त्रिया ओप्पारी हे विलापगीत उंच स्वरात गातात; तेथे मोठा आवाज हाच मृताचा मान असतो. पऱै वाजविणाऱ्यांची अवहेलना शतकानुशतके झाली, त्या वाद्याला अशुभ मानले गेले, यामागे संगीतविषयक कारण नव्हते, जातीचे होते. मराठी वाचकालाही हा वाद नवा नाही. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या भाषेने सुसंस्कृत म्हणविणारी अभिरुची हादरली होती. कामाठीपुरा आणि मॅनहॅटन यांची दुःखे एक नाहीत, जातिव्यवस्थेचा दाह पंकच्या वाट्याला आला नाही, हा भेद विसरता कामा नये. परंतु आक्रोशाला काव्याचा दर्जा नाकारताना वापरलेले शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत आणि ते शब्द दुसऱ्यांदा वापरताना समीक्षेने निदान पहिल्या वेळची फजिती आठवावी.

येथवर आक्षेपांचे खंडन झाले. पंकने शोकाच्या परंपरेत काय भर घातली, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर ‘मित्र’ या शब्दात आहे. जगातील बहुतेक समाजांत शोकाचा अधिकार नात्यावर ठरतो. सूतक कोणी व किती दिवस पाळायचे हे कुळ आणि विवाहसंबंध ठरवितात. महालयाच्या तर्पणातही मित्राची पाळी यादीच्या अखेरीअखेरीस येते. पाश्चात्त्य समाजातही प्रेत ताब्यात घेणारे, अंत्यविधी ठरविणारे आणि सांत्वन स्वीकारणारे कुटुंबीयच असतात. परंतु वयाच्या विशीत माणसाचे खरे घर पुष्कळदा मित्रांचे असते आणि घरातून तुटून आलेल्या तरुणांनी उभारलेल्या या संगीतात तर ते विशेषच खरे होते. अशा मित्राच्या मृत्यूनंतर ज्याचे सर्वस्व गेले त्याला विधीत जागाच नसते. ही जागा पंकने निर्माण केली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रो या बंदराच्या गावी घडले. माइक वॉट आणि डी. बून हे बालमित्र. मुले रस्त्यावर भटकू नयेत म्हणून बूनच्या आईने त्यांना वाद्यांकडे वळविले आणि वॉटच्या हाती बेस गिटार आली ती तिच्याच सांगण्यावरून. १९८० मध्ये त्यांनी ‘मिनिटमेन’ हे वाद्यवृंद-त्रिकूट उभे केले. आखूड गाणी, काटकसरीचे दौरे, स्वतःचे सामान स्वतः वाहणे ही त्यांची रीत होती. ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ (१९८४) या त्यांच्या जोडमुद्रिकेत चाळीसहून अधिक गाणी आहेत. २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनात मोटार अपघातात बून गेला. त्याचे वय २७ होते. वॉट संगीत सोडण्याच्या बेतात होता. ओहायोहून आलेल्या एड क्रॉफर्ड नावाच्या चाहत्याने त्याला पुन्हा उभे केले आणि १९८६ मध्ये ‘फायरहोज’ची पहिली मुद्रिका निघाली. ती बूनला अर्पण केलेली होती. त्यानंतरच्या मुद्रिकाही वॉट बूनलाच अर्पण करीत आला. १९९७ मध्ये ‘कंटेम्प्लेटिंग द इंजिन रूम’ या दीर्घ रचनेत त्याने जहाजाच्या यंत्रघरातील तिघांच्या एका दिवसाचे रूपक योजले. नौदलात काम केलेल्या आपल्या वडिलांचे आयुष्य आणि ‘मिनिटमेन’ची कहाणी त्याने त्यात एकत्र गुंफली. बूनच्या मृत्यूला तेव्हा बारा वर्षे होत आली होती. आर्थर हॅलम १८३३ मध्ये बाविसाव्या वर्षी वारल्यानंतर टेनिसनने ‘इन मेमोरियम’ प्रसिद्ध करण्यास १८५० साल उजाडले, हे अभ्यासक मोठ्या आदराने सांगतात. वॉटची निष्ठा त्याहून अल्प नाही. पंक क्षणजीवी आहे, त्याला स्मरणशक्ती नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा कालावधी मोजावा.

आता तिसरा आक्षेप. सिड व्हिशस २ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेने वारला. वय अवघे २१. त्याच वर्षअखेरीस त्याच्या आवाजाची मुद्रिका बाजारात आली आणि पुढे त्याचा चेहरा सदऱ्यांवर छापून खपू लागला. तरुण मरण म्हणजे अस्सल जगण्याचा पुरावा, ही घातक कल्पना या व्यापाराने पोसली. त्याच व्यसनाने पुढे अनेकांचा बळी घेतला. या प्रकाराचे समर्थन करणे शक्य नाही आणि पंकच्या चाहत्यांनी ते करूही नये. मात्र कोणाही मृताचा शोक आणि त्याच्या चेहऱ्याचा सौदा या भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: मृताच्या नावाने जे केले जाते त्यातून जिवंतांच्या वाट्याला काय येते?

या कसोटीवर सिॲटलचे उदाहरण पाहावे. ‘द गिट्स’ या वृंदाची गायिका मिया झपाटा ७ जुलै १९९३च्या पहाटे घरी परतत असताना मारली गेली. तिचे वय २७ होते. तिच्यावर बलात्कार करून तिचा गळा आवळला होता. तिच्या मैत्रिणींच्या ‘सेव्हन इयर बिच’ या वृंदाने आपली गिटारवादक स्टेफनी सार्जंट हिला आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, गमावले होते. १९९४ मध्ये त्यांनी मियाच्या नावाने ‘विवा झपाटा’ ही मुद्रिका काढली. तिच्यातील गाणी संयत नाहीत. मारेकऱ्याला ती सरळ जाब विचारतात, आदिश्लोकाने विचारला तसाच. परंतु शोक गाण्यापाशी थांबला नाही. सिॲटलमधील कलावंत स्त्रियांनी १९९३ मध्येच ‘होम अलाइव्ह’ ही संस्था स्थापून स्त्रियांना स्वसंरक्षणाचे धडे देण्यास आरंभ केला. मित्रमंडळींनी जलसे करून खासगी तपासासाठी पैसा उभा केला. जोन जेट हिने ‘गिट्स’च्या उरलेल्या वादकांसह मियाची गाणी गाऊन १९९५ मध्ये मुद्रिका काढली ती याच कारणासाठी. तरीही मारेकरी कित्येक वर्षे सापडला नाही. अखेर जपून ठेवलेल्या डीएनए पुराव्यावरून २००३ मध्ये एकास अटक झाली आणि २००४ मध्ये तो दोषी ठरला. न्याय प्रयोगशाळेने मिळवून दिला, गाण्यांनी नव्हे, हे खरेच आहे. गाण्यांनी केले ते इतकेच की, दहा वर्षे त्या मुलीचे नाव विझू दिले नाही आणि त्या अवधीत अनेक जणींना रात्री घरी सुखरूप पोचण्याची विद्या शिकवली. कोणत्या विलापिकेने याहून अधिक केले आहे?

शोकात्म साहित्याचे मोजमाप सांत्वनाच्या तराजूत करण्याची सवय समीक्षेला आहे. ‘लिसिडस’ अखेर नव्या कुरणांकडे वळतो, ‘अ‍ॅडोनेस’मधील कवी चिरंतनात विलीन होतो आणि वाचक शांत मनाने पुस्तक मिटतो. पंकच्या मित्रशोकात अशी समाप्ती क्वचितच आढळते, कारण सतराव्या किंवा सत्ताविसाव्या वर्षी आलेल्या मरणाशी समेट करण्यासच त्याचा नकार असतो. अमली पदार्थ, युद्ध, रस्त्यावरची हिंसा ही माणसांनी घडविलेली कारणे आहेत. त्यांना नियती म्हणून शरण जाणे हा मृतांशी केलेला द्रोह ठरेल, अशी त्याची भूमिका आहे. ही भूमिका कोणाला मान्य होवो वा न होवो, तिला शोक मानण्याचेच नाकारणे हा अभ्यासाचा मार्ग नव्हे. साहित्याच्या वर्गात विलापिका शिकविताना मिल्टनच्या शेजारी कॅरल आणि टेनिसनच्या शेजारी वॉट ठेवून पाहावा. वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी एखाद्याने विशी ओलांडण्यापूर्वीच मित्र गमावलेला असतो आणि त्या मित्रासाठी सूतक पाळायला त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला या दोहोंपैकी कोणाचे शब्द जवळचे वाटतात, ते शिक्षकाने आधी ऐकून घ्यावे आणि मगच श्रेष्ठकनिष्ठतेचा निवाडा करावा.