दातखीळ बसल्यावर औषध कसले शोधता?



कोयता पायावर बसला, गोठ्यातला खिळा टाचेत घुसला, की आपण जखमेवर माती नाहीतर विडीची राख दाबतो आणि फार तर दुसऱ्या दिवशी 'सुई' घेऊन येतो. सुई घेतली, काम झाले! ही समजूत माणसे मारते. आणि ती एकट्या आपल्या अडाणीपणाची नाही. सुई टोचून पुढे एक प्रश्न न विचारणाऱ्या दवाखान्यांनी ती पोसली आहे.

ती सुई म्हणजे लस. पूर्वी टी.टी. होती, आता टी.डी. आली. ज्याने आधी कधीच पुरते डोस घेतले नाहीत, त्याच्या अंगात लशीने प्रतिविष तयार व्हायला आठवडे लागतात. धनुर्वात बहुधा तीन ते एकवीस दिवसांत उठतो. मग अशा माणसाची जखम शेणामातीची असेल तर लशीबरोबर तयार प्रतिविषही टोचावे लागते. टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन हे त्याचे नाव. मात्रा साधारण २५० युनिट, लशीपेक्षा वेगळ्या जागी, आणि होईल तर त्याच दिवशी.

त्याच दिवशी का? जंतूचे विष जखमेत, रक्तात मोकळे आहे तोवरच प्रतिविष त्याला गाठते. मज्जातंतूत शिरलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. दातखीळ बसली म्हणजे विष आत गेले. तेव्हाही प्रतिविष देतात, द्यावेच. पण ते उरलेसुरले अडवते. आत गेलेल्याचा अंमल उतरायला आठवडे जातात, तोवर रोगी जगवायचा तो शहरातल्या अतिदक्षता विभागात. तिथवर जाईतो वावर गहाण पडते.

बेरिंग आणि किटासाटो यांनी बर्लिनमध्ये १८९० साली हे प्रतिविष दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात जखमी ब्रिटिश शिपायांना जखम होताच ते देऊ लागले आणि धनुर्वात झपाट्याने घटला. रोग उठल्यावर दिले त्यांना तसा गुण आला नाही. खंदकातल्या शिपायाला मिळाले ते बांधावरच्या माणसाला आजही मागून घ्यावे लागते!

देशात पोरांचे सार्वत्रिक लसीकरण १९८५ पासून. त्याआधी जन्मलेल्या बायकांना निदान बाळंतपणात टी.टी. मिळाली. बाप्यांना कोणी विचारले?

तेव्हा पेरणीआधी प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन इम्युनोग्लोब्युलिनच्या किती कुप्या शिल्लक आहेत ते लेखी मागावे, आणि ते उत्तर घेऊनच पुढच्या जिल्हा बैठकीला यावे. उत्तर नाकारले तर तसेही लिहून आणावे.