चिनी चित्रपट आणि अमेरिकन प्रेक्षक

२०२५ साली ‘नेझा २’ या चिनी चित्रपटाने जगभरात २०० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. त्यात अमेरिकेचा वाटा शेकडा दोनही नव्हता. याला परभाषा कारण, हे म्हणणे आम्हांस पटत नाही. ऑगस्टमध्ये आलेल्या त्याच्या इंग्रजी रूपानेही चित्र पालटले नाही. उलट, २००० सालच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने चिनी भाषेतच अमेरिकेत १२ कोटी डॉलर ओलांडले. परंतु तो तैवान, हाँगकाँग, चीन व अमेरिका यांच्या भागीदारीतून, परक्या प्रेक्षकासही उद्देशून निर्माण झाला होता. घरच्याच बाजारपेठेत भरघोस नफा पदरी पडू लागला, की परक्याशी बोलण्याची निकड उरत नाही. गल्ल्याच्या आकड्यांचा जयघोष घरात शोभतो. परक्याचे मन जिंकावयाचे, तर त्यास उमगेल अशी कथाच सांगावी लागते.