हेडफोन हजारांचा, आवाज भंगार : दोष कोणाचा?

सानगडीच्या आणि आजूबाजूच्या समस्त मोबाइलधारकांनो, पोस्ट थोडी लांब आहे, पण पैसे आणि कान दोन्ही वाचवणारी आहे. वाचा जी.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसला आहे. आवाज चांगला पाहिजे ना, मंग महागडा ब्लूटूथ घ्या! धानाचे चुकारे हातात पडले की घरातले पोट्टे आधी इअरबड्सवर बोट ठेवतात. डब्यावर 'एक्स्ट्रा बास' लिहिलेलं असलं की झालं. आठ दिवसांनी तोच पोट्टा म्हणतो, मजा नाही येत, याच्यापेक्षा वरचा पाहिजे.

माझं म्हणणं सरळ आहे. आवाज वाटेत गळतो. नहर जागोजागी फुटलेला असेल तर शेवटच्या बांधीवर कितीही महागडी मोटर लावा, पाणी येणार कुठून? हेडफोन ही शेवटची बांधी आहे. आधी गळती बुजवा, मग खरेदीचं बोला.

पहिली गळती गाण्यातच. डेटा वाचवायचा म्हणून ॲपमध्ये 'डेटा सेव्हर' चालू असतो आणि आपण हेडफोनला शिव्या देतो. स्पॉटिफाय फुकटात जास्तीत जास्त १६० केबीपीएस देतं, पैसे भरले तर ३२० आणि त्याच्याही वर. यूट्यूब म्युझिकला 'लो'वर ४८ असतं, 'हाय'वर २५६. सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ क्वालिटी वाढवा. वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांची सेटिंग बहुतेक ॲपमध्ये वेगवेगळी असते, तिन्ही पाहा. डेटा संपेल म्हणता? ३२० केबीपीएसला मिनिटाला साधारण अडीच एमबी लागतात. दिवसाच्या दीड जीबीत दहा तास गाणी वाजतील. डेटा खातात ते व्हिडिओ.

आणि कुठूनतरी उतरवलेलं हलकं गाणं '३२०' करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कनकीचा पुन्हा अख्खा तांदूळ होत नाही. फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही.

दुसरी गळती ब्लूटूथची. ब्लूटूथ गाणं आणखी दाबून पाठवतं. साधा एसबीसी कोडेक चांगल्यात चांगला ३२८ केबीपीएसच्या आसपास जातो. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो आणि ॲन्ड्रॉइड ८ पासून ती सोय ॲन्ड्रॉइडमध्ये आहे. पण फोन आणि हेडफोन दोघांनाही तो कोडेक यायला पाहिजे. आयफोनला एलडॅक येतच नाही, तो एएसीवर चालतो. म्हणजे आयफोनवाल्यानं एलडॅकसाठी जादा पैसे मोजले तर ते पाण्यात. ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावाशेजारच्या चिन्हावर दाबा, तिथे 'एचडी ऑडिओ' किंवा एलडॅक असेल तर चालू करा. आवाज तुटत असेल तर एक पायरी खाली या.

ऑनलाइन क्लासवाल्यांनी तर हे लक्षातच ठेवा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की बहुतेक हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो. पोलीस भरतीचं लेक्चर ऐकताना सर अस्पष्ट वाटतात ते अनेकदा ह्याच्यामुळे. माइक फोनचा वापरा, नाहीतर सरळ वायर लावा.

वायर! इथेच खरा राग आहे. ३.५ मिमीचं गोल छिद्र, ज्यात कोणताही इअरफोन खुपसला की वाजायचा, ते २०१६ साली ॲपलनं आयफोन ७ मधून काढलं. बाकीच्यांनी आधी हसून घेतलं आणि मग एकामागून एक तेच केलं. सांगितलं काय, तर जागा वाचते. जागा वाचली आणि वायरलेस इअरबड्सचा धंदा उभा राहिला. वायरवाल्याला चार्जिंग लागत नाही आणि कोडेकची भानगड नाही. बड्सची एवढीशी बॅटरी दोन-चार वर्षांत थकली की सगळंच फेका.

टाइप-सीचं कनेक्टर घ्यावं तर तिथेही घोळ. काही फोन त्या छिद्रातून तयार आवाज बाहेर देतात, काही देत नाहीत, त्यांना डॅक नावाची चिप असलेलं कनेक्टर लागतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून भावाच्या फोनला चालणारं तुमच्या फोनला मुकं राहतं. डॅकवालं कनेक्टर मागा, आणि आपला फोन लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. युरोपनं डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला टाइप-सी चार्जिंग कायद्यानं सक्तीचं केलं. मंग कोणता इअरफोन चालेल हे डब्यावर स्पष्ट छापायला कंपन्यांना आपलं सरकार काऊन सांगू शकत नाही? ग्राहक म्हणून एवढं तरी मागू.

तिसरी गळती फुकटात बुजते. इन-इअरच्या डब्यात रबराच्या लहान-मोठ्या टोप्या येतात. नव्वद टक्के लोक त्या डब्यासकट फेकतात, असं मी अंदाजानं म्हणतो, पण तुम्हीच आठवून पाहा, तुमच्या कुठे आहेत? टोपी कानात नीट बसली नाही की सगळ्यात आधी बास पळतो. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं. जाळीवर मळ साचला असेल तर कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा.

चौथी गळती आपल्याच बोटानं केलेली. बास बूस्ट, थ्रीडी, व्हॉल्यूम बूस्टर, सगळं एकावर एक चालू. आवाजाला फोनमध्ये एक वरची हद्द असते. त्याच्यावर ढकललं की लाटेची टोकं कापली जातात आणि तीच फरफर आपण 'दमदार' समजतो. आधी सगळं बंद करून ऐका. इक्वलायझर वापरायचाच तर जे टोचतं ते थोडं खाली ओढा.

कोणी म्हणेल, महागडा हेडफोन खरंच चांगला वाजतो. वाजतो ना, मी कुठे नाही म्हणतो? पण ह्या चार गळती बुजवल्यावरच तो फरक कानाला कळेल.

आणि कानच राहिला नाही तर? हीच सगळ्यात मोठी गळती, आणि ती दुरुस्त होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही पाहतात. वर्षभर मैदानावर धावायचं आणि कानापाशी हरायचं, हे कोणत्या मायबापाला परवडेल?

पण नुसता पोट्ट्यांना दोष देऊन आपण मोठी माणसं सुटत नाही. लग्नात आणि विसर्जनात डीजे कोण लावतं? वर्गणी कोण देतं? २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत : वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. डीजेसमोर तीन तास नाचलेला कान दुसऱ्या दिवशी मंद ऐकतो, मग हेडफोनचा आवाज वाढतो. चक्र आपणच सुरू करतो.

"मंग झाडीपट्टीचं नाटकही बंद करायचं का?" हा प्रश्न येणारच. नियम नाटकाला वेगळा नाही, हे खरं. सणावारी सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. पण शेवटच्या रांगेला संवाद ऐकू जावा एवढा आवाज आणि भिंत हलवणारा आवाज यात फरक आहे. भोंगे गावाकडे न करता प्रेक्षकांकडे करा, अर्धा वाद तिथेच मिटेल.

नाटकाची आठवण निघालीच तर एक विनंती. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. पण मंडईतली दंडार आपण साठवतो कशी? मागून व्हिडिओ काढायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा, मूळ फाइल डिलीट. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून पाठवतं, पुढे हातोहात तीच कनकी फिरते. म्हातारे गाणारे गेल्यावर आपल्याकडे तेवढंच उरेल. भोंग्यापासून दूर, कलावंतांच्या जवळ बसून रेकॉर्ड करा. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. मूळ प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

ह्या मंडईच्या आधी ग्रामसभेत दोन गोष्टी मांडू : डीजेला आवाजाची आणि वेळेची मर्यादा, आणि गावातल्या जुन्या रेकॉर्डिंगची एका जागी साठवण. ज्यांच्या घरी दंडारीची, खडी गंमतीची, भजनाची जुनी कॅसेट किंवा फाइल पडली असेल त्यांनी खाली लिहा. आणि आज रात्री नवा हेडफोन शोधण्याआधी जुन्याच्या टोप्या शोधा.