काकांची एटहंड्रेड आणि आपली एक्सेल शीट

दिवाळीला गावी गेलेला सॉफ्टवेअरवाला दोन कामं हमखास करतो. एक, आईबाबांच्या फोनमधले शेकडो 'शुभ सकाळ' उडवून जागा मोकळी करून देतो. आणि दोन, दारातली जुनी गाडी विकायचा विषय काढतो. पहिल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्याबद्दल आहे, आणि भरपूर आहे.

विषय निघतो तोही ठरलेल्या पद्धतीने. फराळाची ताटली बाजूला सारून लॅपटॉप उघडला जातो. एका रकान्यात विमा, एकात सर्व्हिसिंग, एकात टायर-बॅटरी. वर्षाला इतके किलोमीटर, इतका खर्च, म्हणजे किलोमीटरमागे अमुक रुपये. "बाबा, ह्यापेक्षा लागेल तेव्हा भाड्याने गाडी केलेली स्वस्त पडते हो!" बाबा काहीतरी पुटपुटतात. ते पुटपुटणं आपण 'इमोशनल अटॅचमेंट' ह्या खात्यावर टाकतो आणि कागदावर त्यांची सही घेतो. पुढे दोन-तीन वर्षांनी गाडीचा जुना फोटो चढवायचा, खाली 'मिस यू यार' लिहायचं आणि दीडशे लाइक गोळा करायचे. आपल्या हळहळीची मजल इथपर्यंतच.

मला म्हणायचंय ते सरळ आहे. ह्या भांडणात इमोशनल आपण असतो. हिशोब बाबा मांडत असतात, फक्त त्यांना तो एक्सेलमध्ये मांडता येत नाही.

हवेत बोलत नाही, उदाहरण देतो. माझे काका जवळा बाजारला राहतात. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. (औंढ्याला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला गेला असाल, तर तुम्ही आमच्या भागात येऊन गेलात असं समजा.) गावाच्या नावातच बाजार आहे, आजूबाजूच्या खेड्यांची सगळी ये-जा इथे. सोयाबीन, कापूस, हळद. रेल्वे नाही. ती धरायची तर वसमत, हिंगोली नाहीतर परभणी गाठायची. मोठं दुखणं निघालं की परभणी, आणखी मोठं निघालं की नांदेड.

काकांनी १९९८ साली पांढरी मारुती एटहंड्रेड घेतली. नंबर एमएच २२, म्हणजे परभणीचा, कारण तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. तो झाला १ मे १९९९ ला. थोडक्यात, आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एसी नाही, आणि मागच्या सीटवर एक पिवळा पट्टा, जो कुठल्याही शांपूने गेला नाही. एका उन्हाळ्यात हळदीचं पोतं फुटलं होतं.

आता ह्या गाडीचा 'वापर' बघा. शीटमध्ये तो होता वर्षाला साधारण चार हजार किलोमीटर. पण हे चार हजार किलोमीटर कुणाचे? काकांचे स्वतःचे त्यात हजारसुद्धा नसतील. बाकीचे गल्लीचे. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली शेजारची सून. साप चावलेला सालगडी. बारावीच्या पेपरला निघालेली आणि एसटी चुकलेली दोन पोरं. श्रावणी सोमवारी औंढ्याला जायचंय पण गर्दीच्या बसमध्ये उभं राहवत नाही अशा तीन म्हाताऱ्या. एकदा तर नवरदेवाची ठरवलेली गाडी आलीच नाही, तेव्हा वरात एटहंड्रेडमधून निघाली. नवरदेव पुढे, करवली मागे, आणि फेटा टपाला लागतो म्हणून साहेब सबंध रस्ता मान वाकडी करून बसलेले!

पद्धत अशी की गाडीची किल्ली ओसरीतल्या खिळ्याला. रात्री-अपरात्री कडी वाजायची, "काका, गाडी हाय का घरी?" काकांनी स्वतः जायचं नाहीतर गल्लीतल्या लायसनवाल्या पोराला उठवायचं. पेट्रोल नेणाऱ्याने टाकायचं, भाडं कुणी द्यायचं नाही आणि काकांनी विचारायचं नाही. मात्र पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर आधी कुणाच्या रानात यायचा, बोअरची मोटर जळाली की वायरमन त्याच दिवशी कसा यायचा, काकूचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने दोन्ही वेळचे डबे कुठून यायचे, हे त्या किल्लीशी जोडलेलं होतं. ह्याची पावती कुणी फाडत नाही, त्यामुळे शीटमध्ये ते येत नाही.

आपल्या धंद्यातल्या लोकांना खरं तर हे सगळ्यात आधी कळायला हवं. कंपनीतली वीस वर्षं जुनी सिस्टीम बंद करायची म्हटलं तर आपण काय करतो? आधी महिनाभर लॉग तपासतो. तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे, रात्री दोन वाजता कुठला जॉब तिला हाक मारतो, कुठल्या कोपऱ्यातल्या खात्याचा रिपोर्ट तिच्यातून निघतो, हे शोधतो. तरीही बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोंब मारतोच. आणि हाच माणूस बापाची गाडी मात्र अर्ध्या तासात डिकमिशन करतो. डॉक्युमेंटेशन नाही म्हणजे डिपेंडन्सी नाही, असं ऑफिसात म्हणून बघा बरं.

तर २०१९ च्या दसऱ्याला गाडी गेली. माझा पुण्यातला चुलतभाऊ, आयटीतलाच, त्याने शीट केली. मी तेव्हा फॅमिली ग्रुपवर भांडलो होतो. "तू काय तिथे राहतोस का?" असं विचारून मला गप्प बसवण्यात आलं. (राहत तर तोही नव्हता. असो.) पण खरी गंमत शीटच्या बाहेर होती. गाडी विकली नाही, एक्स्चेंजमध्ये दिली. नवी एसयूव्ही आली भावाच्या नावावर आणि उभी राहिली पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ह्यात गाडी कमी झाली कुणाची आणि वाढली कुणाची, ते तुम्हीच ठरवा. काकांना काय मिळालं? "लागली तर कॅब बुक करत जा" हा सल्ला. जवळा बाजारात ॲप उघडलं की नकाशावर नुसता आपला निळा ठिपका दिसतो. भोवती एकही गाडी नाही.

हा किस्सा एकट्या माझ्या भावाचा असता तर लिहिला नसता. माझ्या टीममध्ये अकरा जण आहेत, त्यातल्या चौघांनी हेच केलंय. एकाने वडिलांची इंडिका दिली, एकाने सुमो. नवी गाडी प्रत्येक वेळी शहरात. आणि प्रत्येक वेळी कारण एकच, "त्यांना आता काय गरज आहे?"

गरज काय आहे ते सहाच महिन्यांत कळलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, एसटी थांबली. मग २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि गाडं पूर्ण रुळावर यायला २०२२ चा एप्रिल उजाडला. (संप रास्त होता की नाही हा आजचा विषय नाही.) पुण्यातल्या माणसाला ती एक बातमी होती. गावातल्या माणसाला ते पाच-साडेपाच महिने कॉलेज, कोर्टाची तारीख, डोळ्याचं ऑपरेशन सगळं काळी-पिवळीत कोंबून घेऊन करावं लागलं. काकांना त्याच काळात शुगर तपासायला परभणीला जायचं होतं, ते दोनदा पुढे ढकललं. गल्लीतल्या एका आजोबांना नांदेडला न्यायला भाड्याची गाडी मिळाली, पण जाऊन-येऊन जो आकडा सांगितला त्यात एटहंड्रेडचा वर्षाचा विमा निघाला असता.

आता सचिनचं बोलू. तेंडुलकर, दुसरा कोण! ऑगस्ट २०२० मध्ये एका मुलाखतीत तो म्हणाला की आपली पहिली गाडी मारुती ८०० होती, ती आता आपल्याकडे नाही, ती परत मिळाली तर फार आवडेल, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. लक्षात घ्या, ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्यावर मिळालेली, कस्टम ड्युटीवरून देशभर गाजलेली फेरारी ३६० मोडेना त्याने २०११ मध्ये विकली होती. जाहीरपणे शोधायला काढली ती एटहंड्रेड. पेपरांनी ते अगदी कौतुकाने छापलं, आपणही हळवे होऊन फॉरवर्ड केलं.

मला त्या हळवेपणाचा राग नाही. पण सचिनची हळहळ आणि माझ्या काकांची हळहळ ह्या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि आपल्याला फक्त पहिलीच ओळखता येते. सचिनला ती गाडी मिळाली नाही म्हणून त्याचं कुठलं काम अडत नाही, त्याला हवी आहे ती आठवण. काकांना आठवण नकोच आहे. गेल्या खेपेला मी मुद्दाम विचारलं, गाडीची आठवण येते का म्हणून. ते म्हणाले, "गाडीचं काय रे, लोखंड ते. आता रात्री कुणी कडीच वाजवत नाही." आयुष्यभर ज्याच्या दारात गाव अडल्या वेळी यायचं, त्याच्याकडे आता द्यायला काही उरलेलं नाही. ह्याला नॉस्टॅल्जिया म्हणणाऱ्याला मी काय म्हणावं?

"पण एटहंड्रेड सेफ नव्हती." मान्य. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने रात्री हायवेवर ती चालवू नये, हेही मान्य. मग त्यांना एअरबॅगवाली सेकंडहँड गाडी घेऊन द्यायची होती. सेफ्टीची काळजी असणारा माणूस जुनी गाडी काढून नवी तिथेच ठेवतो, शेकडो किलोमीटरवर घेऊन जात नाही.

"१०८ आहे की." आहे, २०१४ पासून आहे, आणि तिने जीव वाचवलेत. पण ती दवाखान्यात नेते. टाके घातल्यावर रात्री अकराला घरी आणायला ती येत नाही, दर पंधरा दिवसांच्या तपासणीला तर नाहीच.

"पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते, कायदा आहे." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी हे प्रकरण दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्याचं. हरित लवादाचा आदेश, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरलेला. जवळा बाजार त्या पट्ट्यात केव्हापासून आलं? आपल्याकडे खाजगी गाडी पंधरा वर्षांनी आरटीओला दाखवायची, ग्रीन टॅक्स भरायचा, पास झाली की पाच वर्षं पुढे. पुन्हा पास झाली की पुन्हा पाच. फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढवली, हे खरं. महाग आहे. पण महाग होणं आणि बेकायदा होणं ह्यातला फरक इंजिनिअर माणसाला समजावून सांगायची वेळ यावी? काकांची गाडी २०१३ मध्ये पास झाली होती, २०१८ मध्येही झाली होती. विकली तेव्हा तिच्या कागदांवर चार वर्षं शिल्लक होती. भावाने दाखवलेला तो फॉरवर्ड दिल्लीचा होता.

गेल्या महिन्यात काकांनी फोन करून विचारलं, सरकारी ॲपमध्ये नंबर टाकला की गाडीचं कळतं म्हणे, बघतोस का? नंबर त्यांना अर्थातच पाठ. टाकला. मालकाचं नाव फुल्याफुल्यांचं आलं, ते तसंच येतं. त्याच्या खाली मात्र रजिस्ट्रेशनची मुदत स्पष्ट लिहिलेली होती, २०२८ पर्यंत. भंगारात गेलेली नाही, कुणीतरी पुन्हा पास करून घेतली आहे, रस्त्यावर आहे. काकांना सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चांगल्या माणसाकडं गेली म्हणायची." आणि विचारलं, "मागच्या सीटचं कव्हर बदललं आसंल का रे त्यानं?"